केंद्र बंद आढळले

दाराबाहेर सतरा जोड चपला होत्या आणि आत एकही मूल नव्हतं.

मी चपला दोनदा मोजल्या. आमच्या खात्यात मोजायची खोडच लागते. आत सोलरचा दिवा जळत होता. सतरंजीवर वह्या उघड्या पडल्या होत्या. फळ्यावर भागाकाराचं गणित होतं, अर्धं सोडवलेलं. मी खाली वाकून सतरंजीला हात लावला, तर ती कोमट लागली. आज सांगताना हसू येतं, पण तेव्हा तो हात मी चटकन मागे घेतला.

हिवाळ्यातली संध्याकाळ, साडेपाच वाजले असतील. केशोरीच्या पुढचा, जंगलाला लागून असलेला पंचवीस-तीस घरांचा टोला. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. धान कापून झालं होतं, बांध्यांमध्ये कापलेल्या धानाचे ढीग, म्हणजे पुंजणे, उभे होते. पण एकाही घरातून चुलीचा धूर निघत नव्हता, आणि कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. मी दोन हाका मारल्या. तिसरी मारायचा धीर झाला नाही.

आमचा ड्रायव्हर गोंदियाचा. त्याने जीपचं इंजिन बंदसुद्धा केलं नव्हतं. "साब, चलिए यहाँ से," एवढंच म्हणाला. मी जीपमध्ये बसलो.

मी पंचायत समितीत शिक्षण विस्तार अधिकारी होतो, म्हणजे शाळा तपासत हिंडणारा माणूस. त्या वर्षांत सरकारची एक योजना होती. ज्या मुलांच्या घरी अभ्यास घेणारं कुणी शिकलेलं नाही, त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर दोन तास वर्ग. शिकवणाऱ्याचं मानधन, वह्या, दिवा, सगळं सरकारचं. अट एकच, अचानक तपासणीला गेलं की वर्ग सुरू दिसला पाहिजे. लागोपाठ तीनदा 'केंद्र बंद आढळले' असा शेरा पडला की अनुदान संपलं. या टोल्यावर दोन शेरे आधीच पडले होते. तिसरा माझ्या हातात होता.

ऑफिसात गटशिक्षणाधिकारी, म्हणजे आमचे साहेब, म्हणाले की बोगस केंद्र आहे, लिहून मोकळे व्हा. मी चपलांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, आता चपलांची हजेरी घ्यायची का? सगळे हसले. मी हेकट माणूस आहे. आठ दिवस मागून घेतले.

या खेपेला जीप घेतली नाही. एसटीने केशोरीपर्यंत गेलो आणि पुढे चालत सुटलो. टोला दिसायच्या आधीच पाढे ऐकू आले. घराघरांतून धूर निघत होता, कुत्री अंगावर आली. खोलीत बावीस पोरं बसलेली, पटावर होती तेवढीच. शिकवणारी सुनीता, त्याच टोल्याची, बारावी पास. मी कोण ते सांगितल्यावर तिने पहिला प्रश्न केला, कशानं आले? चालत, म्हटलं. तिने बसायला स्टूल दिलं.

सहावीतली एक मुलगी उभी राहून गणित वाचत होती. "एका टाकीत दोनशे लिटर पाणी आहे. त्यातून रोज..." आणि ती थांबली.

बावीसही माना रस्त्याकडे वळल्या. मला काहीच ऐकू येत नव्हतं. काय झालं म्हणून मी विचारलं. मग सगळे उठले. मागच्या भिंतीला गज नसलेली खिडकी होती. आधी लहानांना उचलून पलीकडे दिलं, मग मोठे गेले. ढकलाढकली नाही, रडणं नाही, पावलांचाही आवाज नाही. शेवटी सुनीता गेली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

खोलीत मी एकटा उरलो. त्यानंतर मला इंजिनचा आवाज आला.

मी भिंतीला पाठ लावून खाली बसलो होतो. केव्हा बसलो ते मलाच कळलं नाही. खिशातलं सरकारी ओळखपत्र मी मुठीत घट्ट धरलं होतं. धानाचा ट्रक होता. तो निघून गेला आणि पुन्हा सामसूम झाली. बऱ्याच वेळाने पोरं खिडकीतून एकेक करून आत आली. सुनीता प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजत होती. ती मुलगी जागेवर उभी राहिली आणि वाचू लागली, "रोज पंचवीस लिटर पाणी वापरले जाते."

हे तुम्ही शिकवलं का, मी विचारलं.

"मी नाई शिकवलं, सर. त्याइचं तेच शिकले."

मग तिने सांगितलं. गेल्या वर्षी याच वेळेला एक जीप आली आणि विचारपूस करायला म्हणून दोघांना घेऊन गेली. चौथ्या दिवशी परत आणून सोडलं. त्यातला एक जण तेव्हापासून बोलत नाही. कुणी नेलं ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

"जीपमदून कोन उतरते, थे पाहाले कायले थांबतीन लेकरं?"

तुम्ही तरी थांबत जा, म्हणजे शेरा पडणार नाही, असं मी म्हटलं.

"मी थांबली तं तिकडं लेकरं कोन मोजन?" मग खाली बघत म्हणाली, "वर्ग बंद नोका करू, सर. या टोल्यातून आठवीच्या पुढं मी एकलीच गेली."

मी अहवाल लिहिला. केंद्र सुरू, उपस्थिती पूर्ण. खाली एक वाक्य घातलं, 'शासकीय वाहनाच्या आवाजाने मुले भयभीत होऊन निघून जातात.' साहेबांनी ते वाक्य काढायला सांगितलं. वर जाऊ देऊ नका, म्हणाले. मी ऐकलं नाही. खरं कारण कळलं तर पुढचा अधिकारी चालत येईल, असा माझा हिशेब होता.

महिन्याने वरून पत्र आलं. अनुदान सुरू. मात्र मुले भयभीत आहेत, म्हणजे भाग संवेदनशील आहे, तेव्हा यापुढे या केंद्राची तपासणी पोलीस बंदोबस्तातच व्हावी.

पहिल्या तपासणीला तीन गाड्या गेल्या. शेरा पडला, केंद्र बंद आढळले. वरच्यांनी मधला माझा 'केंद्र सुरू'चा अहवाल वगळून आधीचे दोन शेरे त्यात धरले आणि अनुदान थांबवलं. मला संताप आला, आणि त्यातला बराचसा माझ्यावरच होता. साहेब एका शब्दानेही मला बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

सुनीताला तोंड दाखवायचं होतं. पुन्हा एसटी, पुन्हा पायी, एकटाच. खोलीला कुलूप होतं, सोलरचा दिवा काढून नेलेला. परत फिरणार तोच मागच्या झाडीतून पाढे ऐकू आले. वर्ग चालू होता! मला इतकं बरं वाटलं की मी भराभर तिकडे निघालो. वाळलेल्या पानांवर माझे बूट वाजले.

सतराचा पाढा मध्येच तुटला.

"मी आहे, चालत आलोय," मी ओरडून सांगितलं. माझं नाव सांगितलं. पुन्हा सांगितलं. झाडीतून काहीच आलं नाही. पण बावीस पोरं आणि सुनीता तिथेच कुठेतरी श्वास धरून माझ्याकडे बघत होती, हे मला पक्कं कळत होतं. अंधार पडायच्या आत मी परत निघालो.

त्यानंतर माझी सहा वर्षं नोकरी झाली. अहवालात मी किती, कुठे आणि केव्हा एवढंच लिहिलं. कारणाचा रकाना कोरा ठेवला. वरून कुणी कधी विचारलं नाही.