माटोळीची तार

देवावर रागावलेला माणूस देवळात जायचं सोडत नाही, फक्त हात जोडताना इकडेतिकडे बघतो. बायको गेल्यावर सव्वा वर्ष माझं तसंच चाललं होतं. पौषात ती गेली. जाण्याआधी तिने एकच सांगितलं होतं, आमोण्याच्या सातेरीची, म्हणजे तिच्या माहेरच्या देवीची, चैत्रातली ओटी चुकवू नका. सव्वीस वर्षं ती ओटी आम्ही माझ्या मोटारसायकलवरून नेली होती. ती मागे बसायची आणि पिशवी दोघांच्या मध्ये असायची. ती गेली त्या वर्षीच्या चैत्रात माझ्याने उंबरठा ओलांडवला नाही. पुढच्या चैत्रात जायचं ठरवलं, तर गाडी अडून बसली.

रोज सकाळी बॅटरी मेलेली असायची. दोन बॅटऱ्या बदलल्या. धारगळच्या मेस्त्रीने गाडी दोनदा उघडली आणि शेवटी हात टेकले. मुलगा म्हणाला, "बाबा, ती भंगारात घाला, ओटी मी कारने नेतो." मी मुळातच तापट, त्यात ह्या गाडीबद्दल कोणी बोललं की माझं डोकं फिरतं. दोन दिवस त्याच्याशी धड बोललो नाही. ओटी जाणार तर ह्याच गाडीवरून, नाहीतर जाणारच नाही, असा हट्ट धरून बसलो. शेवटी गावच्या रवळनाथाला प्रसाद लावला. आमच्याकडे मूर्तीला ओल्या पाकळ्या लावून कौल घेतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. ह्या गाडीवरून जाऊ का, एवढंच विचारलं. उजवी पडली.

दहा दिवसांनी बॅटरी चार्ज करून आणली आणि सकाळीच निघालो. पिशवीत खण, नारळ, तांदूळ, हिरव्या बांगड्या होत्या. अस्नोडा मागे टाकलं आणि हॉर्नचा आवाज बसला. मग इंजिनाने दोन आचके दिले आणि गाडी बंद पडली. देऊळ दुपारी बंद व्हायचं. भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभा राहून मी देवाला नको ते बोललो. नाही म्हणायचं होतं तर नाही म्हणायचं, उजवी पाकळी कशाला दिलीस? मला खरोखर फसवल्यासारखं वाटलं.

रस्त्यापलीकडे पत्र्याची एक खोप होती. तिच्यातून माझ्याच वयाचा एक माणूस बाहेर आला. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. काही न विचारता त्याने मागून गाडीला हात लावला आणि आम्ही ती ढकलत खोपीत नेली. तो गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा होता. दोन बॅटऱ्या बदलल्याचं मी सांगितलं, तेव्हा बॅटरी तपासून म्हणाला, "भाऊ, हिका काय झाला नाय. तुमी उगाच तिका दोष दितास. तिचा रगत खंयतरी गळता."

"खंय?"

"ता तीच सांगतली."

त्याने एका डब्यातून अंगठ्याएवढा डिजिटल व्होल्टमीटर काढला. खरं सांगायचं तर मला हसू आलं. असली खेळणी पोरंटोरं आपल्या नव्या गाड्यांना लावतात. माझ्या गाडीच्या वेगाचा काटासुद्धा कधीच मेला होता, आणि तिला हे लाल आकडे! पण त्या माणसाचे हात बघता बघता माझं हसू थांबलं. पाइपाचं टोपण कापून त्याने मीटरला घर केलं. काळी तार चॅसीला लावण्याआधी तिथला रंग घासून लोखंड चकचकीत केलं. लाल तार त्याने सरळ बॅटरीला न जोडता किल्लीनंतरच्या तारेला जोडली. म्हणाला, "नायतर किल्ली काढल्यार पण हो पेटतलो, आनी दिसरात तिचाच पीत रवतलो." सांधा डाग देऊन बंद केला आणि त्यावर नळी चढवली. इतक्या प्रेमाने पूजा करणारा भट मी क्वचित पाहिलाय.

आपल्याकडची बॅटरी जोडून त्याने गाडी सुरू केली. आकडा उजळला, चौदा पॉईंट एक. "चवदा म्हणजे तिचा पोट भरता," तो म्हणाला. मग त्याने हँडल उजवीकडे वळवलं. आकडा तसाच. डावीकडे वळवलं आणि आकडा घसरला. तेरा, साडेबारा, बारा. पुन्हा उजवीकडे, चौदा. तीनदा तसंच झालं. दहा दिवसांपूर्वी रवळनाथासमोर मी असाच श्वास धरून उजवं-डावं बघत उभा होतो.

त्याने पुढचा दिवा उतरवला. मागे तांब्याची बारीक तार वायरिंगला चार वेढे घालून बसली होती. हँडल वळून वळून ती एका वायरीच्या रबरात रुतली होती आणि तिचं दुसरं टोक हिरवं पडून चॅसीला घासत होतं. पक्कड उघडून तो म्हणाला, "ह्या कोणी बांधल्यान?"

मला तार ओळखू आली. चवथीला गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे फळांची लाकडी चौकट, बांधतात; तिची फळं लटकवायची ती तार. उरलेली तार बायको जपून ठेवायची आणि दसऱ्याला तिने गाडीचा झेंडूचा हार बांधायची. तिच्या शेवटच्या दसऱ्याला मी म्हटलं होतं, दोरी वापर. ती म्हणाली, "दोरी वाटेर तुटता. तार कशी घट रवता." पुढच्या दसऱ्याला गाडीला हार घालायला कोणी नव्हतं. तिने घातलेली फुलं कधीच सुकून झडली होती, पण तारेला मी हात लावला नाही. मेस्त्रीलाही दिव्याला हात लावू दिला नव्हता.

"बायलेन," मी म्हणालो. "आता ती नाय."

त्याने पक्कड मिटली आणि खिशात ठेवली. "मगे माझो हात नको. तुमीच सोडा. घाई नाय." आणि तो पाठ करून आपल्या कामाला बसला.

तिची गाठ सोडवायला मला पाव तास लागला. रडलो, लाज न बाळगता रडलो. मग त्याने वायर नीट गुंडाळली आणि हँडल डावीकडे फिरवलं. आकडा चौदावर थांबला. मी पिशवीतला नारळ पुढे केला तर म्हणाला, "तो देवीचो. तुमी चला, देऊळ बंद जातला."

पोचलो तेव्हा पुजारी दाराकडेच निघाले होते. ओटी त्यांच्या हातात दिली आणि खिशातली तार काढली. "ह्या कितां?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "निर्माल्य." नदीवर न्यायच्या टोपलीत त्यांनी ती ठेवली. सव्वा वर्षात पहिल्यांदा मी देवीकडे सरळ बघितलं.

पंधरा दिवसांनी प्रसाद घेऊन त्या माणसाकडे गेलो. त्याने मला ओळखलंच नाही. मग मीटरकडे नजर गेली आणि हसला, "हां, डाव्याक आकडो पडपाची गाडी!" मला तो जन्मभर लक्षात राहणार आणि त्याला मी पंधरा दिवसही नाही. देवाची माणसं अशीच काम करत असावीत. मी त्याला मनातच नमस्कार केला. उघड केला असता तर तो ओशाळला असता.

घट्ट धरून ठेवणं हीच माया आणि हीच भक्ती, असं मला वाटत आलं होतं. तिने प्रेमाने बांधलेलंच मी इतकं धरून ठेवलं की तिची आवडती गाडी त्याने आतून रिकामी होत गेली. सोडायला देवाने मला किती आडवाटेने शिकवलं! त्याचे उपकार कसे फेडू, कळत नाही.

गेल्या दसऱ्याला गाडीला हार मीच घातला, दोरीने बांधून. धारगळच्या वळणावर दोरी तुटली आणि झेंडू रस्त्यावर पडले. मी आरशात बघितलं, आकड्याकडे बघितलं, आणि गाडी थांबवली नाही.