मानेसरहून चालणारी मोटर

दिल्लीजवळ मानेसरला, आपल्या खोलीबाहेर हरिदास फोन कानाला लावून बसला होता. फोनमधून एका बाईचा आवाज येत होता. शेजारच्या खोलीतल्या धीरजने कान टवकारले.

"भाभी तो अंदर है. ये कौन है?"

"मोटर है."

"मोटर मराठी बोलती है?"

"बोलती भी है, सुनती भी है. तेरे से अच्छी है."

खरंच होतं ते. तिकडे गावी, माण तालुक्यात, विहिरीवरच्या मोटरच्या पेटीत सिमकार्ड बसवलं होतं. इथून फोन लावला की मोटर सुरू, पुन्हा लावला की बंद; पेटीतला रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज तसं मराठीत सांगायचा. हरिदास गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात होता आणि दीड एकराचं पाणी इथूनच सोडायचा. रानात दारं धरायला, म्हणजे एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात वळवायला, वडील होते. तात्याराव.

विहीर त्याची आणि चुलतभाऊ परीक्षितची. आठवडाभर झिरपून साठेल त्यातलं अर्धं याचं, अर्धं त्याचं. कधी हा आधी, कधी तो. पूर्वी ज्याची पाळी तो काठावरून आत डोकवायचा, निम्मं उतरलं की मोटर बंद करायचा. आता परीक्षित पुण्यात कंपनीत, हरिदास मानेसरला. डोकवायला कोणी उरलं नाही.

दिवाळीच्या आधी हरिदासने मोटर लावली, कारखान्याच्या गेटवर फोन जमा केला आणि बंद करायची विसरला. विहीर कोरडी. तेव्हा परीक्षितची आई तात्यांना म्हणाली होती, "भावजी, तुमचा ल्योक दिल्लीत बसून आमची हीर पितोय."

आज रविवार. शाळू पोटऱ्यात होता, कणसं बाहेर पडायच्या बेतात. हे एक पाणी मिळालं तर कणसात दाणा भरणार होता. त्याच ज्वारीवर आई-तात्यांची वर्षाची भाकरी, आणि इथल्या खोलीतलीही.

"लावली, तात्या. आलं का?"

"आलं. लई जोरात हाय बघ." मग थोड्या वेळाने, "अरं, पायप गुळण्या टाकाय लागला."

"म्हणजे?"

"म्हंजे काय? हवा वढतीय. बंद कर."

"विहिरीत बघा की जरा."

तात्या गेले. धाप ऐकू येत होती. "बूड दिसतंय, हरिदास."

हरिदासने मोटर बंद केली आणि पुण्याला फोन लावला.

"दादा," परीक्षित म्हणाला. "काल माझी पाळी होती. लावली, नि मीटिंग सुरू झाली. आई दवाखान्यात गेली होती. दारं धरायला कोणीच नव्हतं रे. सगळं एका वाफ्यात तुंबून ओढ्याला गेलं."

हरिदासच्या ओठांवर शिवी आली होती. दिवाळी आठवली आणि त्याने ती गिळली.

"पुढच्या आठवड्याचं तुझं अर्धं मला दे. निदान माझं तरी रान वाचेल."

"आणि आईचं? तिचंही रान कोरडंच आहे."

परीक्षितने फोन ठेवला.

हरिदासची बायको कौशल्या दारात उभी होती. "आठ दिवस कळ काढेल का पीक?"

हरिदासने तात्यांना पुन्हा फोन लावून तेच विचारलं.

"पानं पिळाय लागल्यात. आठ दिसांनी वाळून चिपाडं हुतील," तात्या म्हणाले. "आत्ता हिरवं हाय तवर कापलं तर गाय तरी खाईल. दाण्याची आशा सोड. काय करू?"

"तुम्हीच ठरवा, तात्या."

"मी कशाला ठरवू? पाणी तू सोडतोस."

कौशल्या आत गेली. पिठाच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला, मग लावल्याचा.

"कापा," हरिदास म्हणाला.

तात्यांना फोन बंद करता येत नसे. तो तसाच त्यांच्या बंडीच्या खिशात गेला. आधी नुसता वारा ऐकू आला, मग ओल्या धाटांतून फिरणारा विळा. मधेच तात्या गाईशी काहीतरी बोलले.

धीरज चहा घेऊन आला. "फिर मोटर?"

हरिदासने नाही म्हणून मान हलवली. फोन कानावरून काढला नाही.