खंडेनवमीचा सायलेन्सर

शाळा मी नववीत सोडली. वडिलांच्या हाताला मशीनवर दुखापत झाली, आणि भोसरीतलं आमचं दोन लेथचं वर्कशॉप बंद पडू नये म्हणून मी लेथपुढे उभी राहिले, ती उभीच राहिले. लग्नानंतर नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीपायी जर्मनीत येनाला आलो. इथे जिथे जावं तिथे सर्टिफिकेट मागायचे, आणि माझ्याकडे दाखवायला नुसते दोन हात. गावाबाहेरच्या एका छोट्या वर्कशॉपच्या माइस्टरांनी, म्हणजे मुख्य कारागिरांनी, मात्र कागद मागितला नाही. लेथवर एक दांडा चढवून दिला आणि म्हणाले, हा बारा मिलिमीटरचा करून दे. मी दिला. त्यांनी तो दोनदा मोजला आणि मला सहा महिन्यांच्या प्रोबेत्साइटवर, म्हणजे चाचणीवर, ठेवून घेतलं. तेव्हापासून त्यांनी कॉफीचा मग जरा जोरात खाली ठेवला तरी मला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं.

आमच्याकडे परवान्याने सायलेन्सर बनतात, बहुतेक शिकारी बंदुकांचे. त्या वेळी एका नगरपालिकेचं काम आलं होतं. रस्त्यावर गाडीखाली आलेलं हरीण कधीकधी वस्तीतच संपवावं लागतं, तेव्हा आवाज कमी हवा, म्हणून त्यांना पिस्तुलाचा सायलेन्सर हवा होता. आता गंमत अशी की गोळी सुटली की पिस्तूल स्वतःच रिकामं काडतूस फेकतं आणि पुढची गोळी भरतं. त्यासाठी नळी जराशी झुकावी लागते. टोकाला सायलेन्सरचं ओझं आलं की ती झुकत नाही. म्हणून सायलेन्सरच्या बुडाशी एक स्प्रिंग आणि एक छोटा पिस्टन बसवतात. धक्क्याच्या क्षणी ते ओझं क्षणभर नळीवरून उतरवतात. तो पिस्टन मी केला होता, आणि त्याच शुक्रवारी माझी प्रोबेत्साइट संपत होती.

त्यातच गुरुवारी खंडेनवमी आली. सासूबाईंनी फोनवर बजावलं होतं की ज्याच्यावर पोट भरतं त्याची पूजा चुकवायची नाही. मी साडेसहालाच पोचले, लेथ पुसला, हळद-कुंकू लावलं, आमच्या बाल्कनीतली झेंडूची दोन फुलं ठेवली आणि अक्षता वाहिल्या. शेजारच्या ट्रेमध्ये ग्रीस लावलेले सुटे भाग मांडलेले होते. म्हटलं, यांनाही आशीर्वाद असू दे, आणि मूठभर त्यांच्यावरही टाकल्या. वरवर झटकून घेतलं. मग आनंदाने सायलेन्सर जोडला.

दहा वाजता माइस्टरांनी तळघरातल्या गोळीबाराच्या बोगद्यात चाचणी घेतली. पिस्तुलाला हात लावायची मला परवानगी नाही. मी काचेमागे उभी. पहिली गोळी सुटली, दुसरी भरलीच गेली नाही. पुन्हा तेच. सायलेन्सर काढला तर पिस्तूल अगदी शहाण्यासारखं चाललं.

माइस्टरांची पद्धत ठरलेली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. भोसरीत आम्ही तीन-तीन गोष्टी एकदम बदलून मोकळे व्हायचो आणि मग कशाने सुधारलं ते देवालाच माहीत. त्यांनी दुसऱ्या गोळ्या घेतल्या. फरक नाही. दुसरं पिस्तूल घेतलं. फरक नाही. प्रत्येक वेळी वहीत एक ओळ वाढायची आणि माझी एक आशा कमी व्हायची. उरला तो पिस्टन. जेवणाच्या सुट्टीत मी नवऱ्याला फोन करून सांगितलं की माझा हात चुकला, आता सगळं संपलं. तो म्हणाला, आधी मोज, मग रड. मी माझं रेखाचित्र घेऊन पिस्टन करताना लिहून ठेवलेली सगळी मापं पुन्हा पडताळली. बरोबर होती. मग चूक कुठे, या विचाराने जास्तच भीती वाटली.

दुपारी माइस्टरांनी सायलेन्सर उघडला. पिस्टन बाहेर आला तो ग्रीसमध्ये लालसर रेघ घेऊन. त्यांनी ती बोटावर घेतली, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले, "गंज. स्प्रिंगवाल्यांनी गंजका माल पाठवलाय." आणि फोनकडे वळले.

मी ती रेघ ओळखली होती. गप्प बसले असते तर बोल स्प्रिंगवाल्यांना लागला असता आणि माझा शुक्रवार सुखाचा गेला असता. पण तोंड चालू झालं.

"माइस्टर, तो गंज नाही. कुंकू आहे. आणि आत तांदूळ सापडेल."

त्यांनी फोन खाली ठेवला. चिमट्याने स्प्रिंग काढली, टॉर्च मारला. तळाशी, ग्रीसमध्ये रुतून, तांदळाचा दाणा आडवा बसला होता, एका बाजूने चिरडलेला. पिस्टन त्याच्यावर टेकून अर्ध्यातच थांबत होता. त्यांनी दाणा कागदावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी तुटक्या जर्मनमध्ये सगळं सांगितलं: आजचा दिवस, अवजारं, वडिलांचा लेथ, सासूबाई. ते मध्येच "आल्झो", म्हणजे "बरं तर", म्हणाले. आतला भाग धुतला, नवं ग्रीस लावलं, जोडून बोगद्यात गेले. दहाच्या दहा गोळ्या भरल्या गेल्या.

वर येऊन त्यांनी वहीत शेवटची ओळ लिहिली. कारण: तांदूळ. खाली रेघ मारली.

"पिस्टनचं माप छान आहे," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी आधी सुटे भाग कपाटात. कुलूप. मग तांदूळ."

पुढच्या वर्षी. मी "या, या", म्हणजे हो, हो, म्हणत इतक्यांदा मान हलवली की त्यांनीच मला स्टुलावर बसायला सांगितलं. दुसऱ्या दिवशीची सही नुसती उरकायची होती. सही करताना ते पोटमाळ्याच्या गळतीबद्दलच बोलत होते.

घरी येऊन सासूबाईंना फोनवर हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, अक्षता मशीनच्या डोक्यावर वाहायच्या असतात, पोटात नव्हे." मग विचारलं की तुझ्या साहेबांना राग आला का गं. मी म्हटलं, नाही आई. लेथवरचं कुंकू त्यांनी पुसलंसुद्धा नाही. आजूबाजूचं तेल पुसलं, ठिपका तेवढा सोडून.