अर्धी वाचलेली पुस्तिका

इंजिन अप्पांनी बिघडवलं नाही, मी बिघडवलं. हे इतक्या वर्षांत मी कुणालाही सांगितलेलं नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. मूळचे दुधनीकडच्या शेतातले, पण सोलापुरात येऊन गिरणीत पंचवीस वर्षं माग चालवलेले. सत्तरच्या दशकात त्यांनी गिरणी सोडली आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचे दोन माग बसवले. दुसऱ्याच्या भोंग्यावर उठायचं नाही, एवढीच त्यांची हौस. नेमकी तेव्हाच वीज कपात सुरू झाली. दिवसातले कितीतरी तास माग नुसते उभे. शेवटी अप्पांनी डिझेलचं छोटं इंजिन आणि त्याला जोडलेला डायनॅमो आणला. माल वेळेवर आला तर वर्षभर काम देतो, असं टॉवेलच्या व्यापाऱ्याने कबूल केलं होतं. म्हणजे इंजिन चाललं तर माग चालणार आणि माग चालले तरच अप्पा स्वतःचे मालक राहणार.

इंजिनाबरोबर इंग्रजी पुस्तिका आली. मी सात रस्त्याजवळच्या एका कचेरीत कारकून. घरात इंग्रजी वाचणारा एकटाच, त्यामुळे माझा तोरा काय विचारता. सकाळी अप्पा ती घेऊन आले. "नवं इंजन कसं चालवायचं, वाचून सांग की." मी बुटाची नाडी बांधत पहिलं पान वाचलं. नव्या इंजिनावर सुरुवातीला पूर्ण भार टाकू नका. तेवढं सांगितलं.

"आनि फुडं?"

"पुढे तेलाबिलाचं आहे," म्हणालो आणि सायकल काढली. पान उलटलंच नव्हतं.

अप्पांनी माझा शब्द झेलला. गावाकडे नव्या खोंडाला आधी मोकळ्या गाडीला जुंपतात, ओझं नंतर. तेच त्यांनी इंजिनाला लावलं. रोज सकाळी कपाळाला विभूती लावून हँडल मारायचे आणि दोन दोन तास इंजिनावर एकच बल्ब जाळायचे. सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, म्हणून सोमवारी इंजिनालाही सुट्टी. शेजारी हसायचे. "नवं हाय ते, सोसंल तेवढंच द्यावं," अप्पा म्हणायचे. दीड महिना हे चाललं. मी रोज पाहत होतो आणि मला त्याचं कौतुकच वाटत होतं.

मग त्यांनी माग जोडले. इंजिन धापा टाकू लागलं. निळा धूर, धुराड्यातून तेलाचे थेंब, दोन मागांतला एकही धड चालेना. मिस्त्रीने इंजिन खोललं आणि पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो ती बोटाने पुसून दाखवली. आतून आरशासारखी गुळगुळीत झाली होती.

"इंजनाला काम दिलंच न्हाय तुमी," मिस्त्री म्हणाला. "थोडा थोडा लोड वाढवत न्यायचा, तवा पिस्टनच्या रिंगा नळीत घट्ट बसतात. नुसतं फिरवलं की असं हुतंय. पुस्तकात लिवलेलं असतंय की."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्यावर शंका घ्यावी हे त्यांच्या मनातच आलं नाही, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. "पोरानं बराबर वाचून सांगितलं हुतं," ते म्हणाले. "मला अडाण्याला कळलं न्हाय." मी घरात जाऊन पुस्तिका उघडली. दुसऱ्याच पानावर होतं, भाराशिवाय फार वेळ चालवू नका. मी ती मिटली आणि जेवायला बसलो.

मिस्त्रीने नवी नळी, नव्या रिंगा घातल्या. पंधरा दिवसांत इंजिन ठणठणीत झालं. बिघडले ते अप्पा. हँडलजवळ जायचे आणि परत फिरायचे. मी म्हणालो, "अप्पा, चालवू या की."

"साकु," ते म्हणाले. कानडीत, म्हणजे पुरे. "माझ्या हाताला यश न्हाय."

माल अडकला, व्यापाऱ्याने काम दुसरीकडे दिलं. माग विकले, इंजिन विकलं. पन्नाशी उलटलेले अप्पा दुसऱ्याच्या शेडमध्ये रोजंदारीवर माग चालवायला लागले.

एवढंच बोलायला हवं होतं की अप्पा, चूक माझी, पुढचं पान मी वाचलंच नव्हतं. ते चिडले असते, चार शिव्या हासडल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी हँडल मारलं असतं. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण कारकुनाची अब्रू आड आली. अप्पा पुढे अकरा वर्षं जगले. कुणी मागांचं विचारलं की सांगायचे, पोरगा शिकलेला हाय, त्यानं सांगितलं हुतं, मीच अडाणी निघालो. मी शेजारी बसून ऐकत असे.