व्हिनेगरचा वास
मुलगी कांद्याच्या फोडींवर व्हिनेगर ओतते, तेव्हा मला बसवनगुडीतला तो दवाखाना आठवतो. गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीत माझं काहीतरी शंकास्पद निघालं होतं, म्हणून तिथला तुकडा काढून तपासायचा होता. मी सांगलीहून लग्न होऊन आलेली. कन्नड येत नव्हतं, इंग्रजी जेमतेम. म्हणून सासूबाई दुभाषी होऊन माझ्या उशाशी उभ्या, नजर वर पंख्याकडे. डॉक्टरीणबाईंनी आत व्हिनेगरसारखं आंबट वासाचं पाणी लावलं. जी जागा पांढरी पडेल, तिथूनच तुकडा घ्यायचा होता. "स्वल्प चिमटा बसेल म्हणतात," सासूबाई म्हणाल्या. बसला. मग त्यांनी आपणहून कन्नडमध्ये काहीतरी लांबलचक विचारलं. "काय विचारलंत?" मी म्हटलं. "माझं होतं," एवढंच त्या बोलल्या. माझा रिपोर्ट चांगला आला. पुढच्या आठवड्यात मात्र टेबलावर त्या होत्या आणि उशाशी मी. त्यांच्या तुकड्यात कॅन्सरच्या आधीचे बदल सापडले. वेळेत उपचार झाले. आजही बाटली उघडली, की "पुरे गं, किती ओततेस," म्हणून त्या नातीवर खेकसतात. मुलीला वाटतं, आजीला आंबट सोसत नाही. मी उठून खिडकी उघडते.