पहिली येतेर

बेकिरला ओळीनं चार मुली झाल्या तोवर काराओरेन गाव त्याला धीर देत होतं. पाचव्या खेपेला लोकांनी तेही सोडलं. त्या दिवशी तो चहाच्या दुकानात गेलाच नाही, बाळंतिणीच्या खोलीबाहेर उकिडवा बसून राहिला. सुईणीनं दार किलकिलं केलं आणि काही न बोलता परत लावलं, त्यावरूनच त्याला काय ते कळलं. बऱ्याच वेळानं त्यानं दाराआडून बायकोला विचारलं, नाव काय ठेवायचं. आतून हूरियेचा आवाज आला, "येतेर!"

येतेर म्हणजे पुरे. बेकिरला नाव एकदम पटलं. देवाला सांगायचंच तर आडवळणानं कशाला? इमामानं मुलीच्या उजव्या कानात बांग दिली, तीनदा नाव सांगितलं आणि अर्ज वर रवाना झाला. पुढच्याच वर्षी हूरियेला मुलगा झाला. त्याचं नाव मुझफ्फर, म्हणजे विजयी.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली असेल, पण गावानं सगळं श्रेय नावाला दिलं. आसपासच्या गावांत येतेर नावाच्या बायका होत्या, काराओरेनमध्ये मात्र ही पहिलीच. दोन-तीन मुलींवर अडकलेल्या प्रत्येक घरानं पुढच्या मुलीचं नाव येतेर ठेवायचा सपाटा लावला. ज्यांना नंतर मुलगा झाला ते गावभर सांगत फिरले. ज्यांना पुन्हा मुलगीच झाली ते गप्प राहिले, त्यामुळे नावाची कीर्ती वाढतच गेली. गिरणीवाल्यांची येतेर, वरच्या आळीची येतेर, तोतरी येतेर. बेकिरची ती पहिली येतेर.

एकदा शाळेत तपासणीसाहेब आले. मास्तर गावाच्या अडचणी सांगता सांगता थांबेनात, तेव्हा साहेब वैतागून म्हणाले, "येतेर!" आणि बाकांवरून सहा मुली उठून उभ्या राहिल्या.

पहिल्या येतेरला बाहेर फार मान होता. नव्या सुना तिला मांडीवर बसवून मूठभर मनुका देत. पोरगी चांगल्या पायगुणाची, असं म्हणत. घरी मात्र पायगुणाचं फळ मुझफ्फरच्या ताटात पडे. अंडं त्याला, लोण्याचा गोळा त्याला, आणि त्याचे लोकरी मोजे धुवायचे हिनं. पाचवीनंतर तिची शाळा सुटली, कारण पुढच्या शाळेचा खर्च त्याच्यासाठी राखायचा होता.

एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न गावातल्याच शाबानशी झालं. सासूनं ही सून नावावरूनच निवडली होती, आणि सासूची निवड चुकली नाही. पहिला मुलगा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. येतेरला मुलगी हवी होती. तिनं कुणाला न सांगता लाल लोकरीचे दोन इवलेसे मोजे विणून पेटीत ठेवले होते. चौथा मुलगा झाला तेव्हा सासू दारोदार हलवा वाटत फिरली आणि येतेर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. गावातल्या बायका भेटायला येत, तिचा हात आपल्या पोटावर ठेवून घेत आणि म्हणत, देवानं तुला किती दिलं बाई.

इकडे विजयी मुझफ्फरला तीन मुली झाल्या. चौथीही मुलगीच झाली, तेव्हा तो बहिणीच्या दारात येऊन उभा राहिला.

"ताई, बांग इमाम देईल, पण नाव तू सांग," तो म्हणाला. "तुझ्या तोंडून गेलं की लागू पडेल."

"कुठलं नाव?"

"आता ते काय विचारायचं?"

येतेर माहेरी गेली. हूरिये चुलीपाशी मसूर निवडत बसली होती. तिनं मुझफ्फर बाहेर गेल्याची खात्री करून घेतली आणि परातीतून नजर न काढता म्हणाली, "ते नाव नव्हतंच गं."

"काय नव्हतं?"

"तुझ्या वेळी वार पडत नव्हती. सुईण पोटावर गुडघा देऊन दाबत होती. मी तिला ओरडून म्हटलं, पुरे! तुझ्या बापाला वाटलं, मी नाव सांगितलं."

येतेरला आधी हसूच आलं, मग ती आईसमोर खाली बसली. "तीस वर्षं झाली, आई. बोलली का नाहीस?"

"शुद्धीवर आले तोवर इमाम येऊन गेला होता. मग मुझफ्फर झाला. त्यानंतर कोण ऐकणार होतं माझं?" हूरियेनं एक खडा उचलून चुलीत टाकला. "माझ्या मनात तुझ्यासाठी इम्रेन होतं."

इम्रेन म्हणजे जिची आस लागावी अशी.

जुम्याच्या नमाजानंतर इमाम आला. त्यानं बांग दिली आणि बाळ येतेरच्या हातात दिलं. तिनं बाळाच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि घरात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तीनदा म्हटलं, "तुझं नाव इम्रेन."

मुझफ्फर पांढरा पडला. त्यानं तिला वेडी म्हटलं, मग वैरीण म्हटलं. त्याची बायको सेवगी कधी नवऱ्यासमोर बोलली नव्हती. ती बाळंतिणीच्या गादीवरून म्हणाली, "कानात गेलेलं नाव परत निघत नाही." इमामानं मान डोलावली, तेव्हा मुझफ्फर उठून गेला. त्यानं बहिणीशी सव्वा वर्ष बोलणं टाकलं. लाल मोजे इम्रेनच्या पायांत गेले. थोडे सैल होत होते.

सव्वा वर्षानं सेवगीला मुलगा झाला.

मुझफ्फर बकऱ्याचं मटण आणि मिठाईचं खोकं घेऊन बहिणीकडे आला आणि काही घडलंच नाही अशा थाटात चहा प्याला. त्याच आठवड्यात वरच्या आळीची सून तान्ही मुलगी घेऊन आली. तिची ही तिसरी. येतेर नाव आता जुनं झालंय, त्याचा गुण उतरलाय, असं तिची सासू म्हणत होती. तेव्हा इम्रेन ठेवायचं, आणि तेही हिच्याच तोंडून.

येतेरनं तिला आधी चांगलं फैलावर घेतलं. नावानं मुलगा होत नाही, माझ्या आईला विचारून ये, म्हणाली. सुनेनं सगळं ऐकून घेतलं आणि बाळ पुढे केलं. बाळ जागं होतं आणि स्वतःची मूठ चोखत होतं. येतेरनं त्याला उचललं.

पुढच्या पाच वर्षांत काराओरेनमध्ये नऊ इम्रेन झाल्या. शाबान तिला चिडवायचा, की गावाला तू पुन्हा तोच खुळखुळा दिलास, नुसता रंग बदलून.

"असू दे," येतेर म्हणायची. "निदान पोरींना 'पुरे' अशी हाक तरी ऐकावी लागत नाही."