बंटी देवीकडं निघाला तेव्हा

नवसाचा बोकड आठ दिवस आधी घरी आणून ठेवू नये, हे मला कोणीही सांगितलं नव्हतं.

दाराशी गाडी आली तर देवीला बोकड देईन, असा माझ्या आईचा नवस. गाडी आली (जुनीच, पण आली!). बाजारात धष्टपुष्ट बोकड दिसला, मी अतिउत्साहात आणून बीडच्या घरी अंगणात बांधला. सहा वर्षांच्या स्वरानं त्याचं नाव 'बंटी' ठेवलं. चार वर्षांचा ओजस त्याला आपल्या ताटातली चपाती भरवू लागला. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

कंदुरीच्या, म्हणजे नवसाचा बोकड कापून जेवण घालायच्या दिवशी आम्ही तलवाड्याच्या शेताकडं निघालो. बायको स्वयंपाकाला आदल्या दिवशीच गेलेली. पुढं मी आणि आई, मागं पोरं, डिकीत बंटी.

"पप्पा, बंटी कुठं चाललाय?" ओजसनं विचारलं.

"देवीकडं." (खोटं नव्हतं!)

"परत कधी येनार?"

मी आईकडं पाहिलं. आईनं खिडकीबाहेर पाहिलं. नवस बोलताना मात्र तिला भरपूर शब्द सुचले होते!

"देवी ठेवून घेती त्याला," मी म्हणालो.

"मग ती त्याला जेवायला काय देती?"

"तितं जेवन लागत न्हाई बाळा."

"मग एवढा मसाला कावून घेतलाय?" स्वरा पायाशी ठेवलेली पिशवी हुंगत म्हणाली.

तेवढ्यात चुलतभावाचा फोन आला. गाडीच्या स्पीकरवर! "दादा, कुटवर आला? सुरीला धार लावून बसलोय. बोकड आला की..."

मी फोन कट केला, पण व्हायचं ते झालं होतं.

"पप्पा, सुरी कशाला?"

"कांदे कापायला गं."

"काका 'कांदा आला की' न्हाई म्हनले. 'बोकड आला की' म्हनले!"

ओजसनं भोकाड पसरलं. त्याचं ऐकून बंटीनंही पसरलं. पुढचा अर्धा तास मी कशी गाडी चालवली, ते माझं मला माहीत. खरं सांगायचं तर मलाच रडू येत होतं.

शेतावर चाळीस पाहुणे पातेल्यांभोवती वाट बघत होते. मी आणि आई खाली उतरलो आणि स्वरानं आतून गाडी लॉक केली! किल्ली आत, एसी चालू, पोरं सीटवरून डिकीत उतरून बंटीच्या गळ्यात पडलेली.

"दार उघड!" मी काचेवर थापा मारल्या.

"आधी आजीला शपथ घ्यायला सांगा!"

पाहुणे घड्याळ बघू लागले. चुलतभाऊ सुरी पाठीमागं लपवत हसू लागला. शेवटी आईच काचेजवळ गेली. डोळे पुसत म्हणाली, "सोडला गं बाई, देवीच्या नावानं जिता सोडला! उघड आता."

देवाला सोडलेल्या जनावराला कोणी हात लावत नाही. चाळीस माणसांनी निमूटपणे वांग्याची भाजी खाल्ली. माझ्याकडं बघत बघत खाल्ली.

परतताना बंटी मागच्या सीटवर, पोरांच्या मधोमध. ओजसनं हळूच विचारलं, "आजी, आता देवीला कुनीच न्हाई मिळालं. पप्पाला द्यायचं का?"

आईनं मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं.

"न्हाई रे," ती म्हणाली. "देवी बी माल बघून घेती."